उकिरड्याचा धूर आणि आमचे रक्त

अमरावतीचा सुकळी डेपो किंवा अकोल्याचे नायगाव पेटले की बातमी दुर्गंधीची होते. विषाची का होत नाही, हा आमचा सवाल आहे.

पीव्हीसी उघड्यावर जळाले की डायॉक्सिन तयार होते. त्यात तांब्याची तार असली तर जास्तच. ती तार हौसेने कोणी जाळत नाही. जातीने माथी मारलेल्या कामात चार पैसे देणारी तेवढीच वस्तू असते. हे विष चरबीत साठते, निम्मे उतरायलाच ७ ते ११ वर्षे लागतात, आईच्या दुधातून बाळात जाते. कातडीवर फोड, यकृताला इजा, हार्मोनचा बिघाड, पुढे कॅन्सर. राख चाऱ्यावर बसते आणि दुधातून साहेबांच्या चहातही पोचते, हे वेगळेच!

२००४ मध्ये युक्रेनच्या युश्चेन्कोंचा चेहरा याच विषाने विद्रूप झाला, तेव्हा युरोपातल्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. आमच्या वेचणाऱ्या बायांचे रक्त कोण तपासतो? २००९ च्या राष्ट्रीय हवा-मानकांत १२ प्रदूषके आहेत, डायॉक्सिन नाही. मर्यादा आहे ती भट्टीच्या चिमणीला. उकिरड्याला चिमणी कुठून आणायची? कचरा जाळण्यावर २०१६ च्या नियमांनीच बंदी घातली. मग दंड वेचणारीला नको, महापालिकेला लावा. आणि रक्ततपासणी डेपोलगतच्या वस्तीपासून सुरू करा.