कॉलेजच्या पहिल्या वर्षाला 'तकरार' हवी

मराठीत तकरार म्हणजे गाऱ्हाणे. मदरशात मात्र या शब्दाला वेगळा अर्थ आहे. उस्तादांचा सबक संपला की मुले छोटे गट करून बसतात आणि त्यांच्यातलाच एक जण तो सबक पुन्हा समजावून सांगतो. याला तकरार म्हणतात. उस्तादांना विचारायची हिंमत होत नाही ते इथे बिनधास्त विचारता येते, आणि सांगणाऱ्याचाही सबक पक्का होतो.

हीच सोय आपल्या मुलांना पदवीच्या पहिल्या वर्षात मिळायला हवी. तिथे ती मदरशापेक्षा जास्त गरजेची आहे.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे पुढे काय होते ते दिसत राहते. बारावीपर्यंत 'मुआशियात' शिकलेली मुलगी मराठी माध्यमाच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या वर्गात बसते. विषय तोच, पण 'तलब व रसद' आता 'मागणी व पुरवठा' झालेली असते आणि 'इफराते जर'ची 'चलनवाढ'. (तलब आणि रसद हे शब्द मराठीलाही नवे नाहीत, बखरी वाचणाऱ्यांना विचारा. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते नाहीत.) मुलीला धडा येत असतो, शब्द अडतो. प्राध्यापकांना वाटते, हिला काहीच येत नाही. दोन महिन्यांत तिलाही तसेच वाटू लागते.

त्यात संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, क्रेडिट, एबीसी आयडी. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल तर हे विचारायचे कोणाला? अब्बांना? महाडीबीटीचा अर्ज भरायचा, बँक खाते आधारला जोडायचे, बागवान, तांबोळी, अन्सारी असाल तर ओबीसीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर काढायचे. एक तारीख चुकली की वर्षाची शिष्यवृत्ती गेली. पुढच्या सत्राच्या फीचा प्रश्न आला की सगळ्यात आधी मुलीचे नाव कमी होते.

कॉलेजांत मेंटॉर नसतात असे नाही. नॅक मूल्यांकनात एका मेंटॉर शिक्षकामागे किती विद्यार्थी हे विचारले जाते, म्हणून याद्या असतात, रजिस्टर असते. युजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' ही नवागतांच्या स्वागताची मार्गदर्शिकाही काढली. पण प्राध्यापक कितीही भला असला तरी "सर, मला फॉर्ममधला हा शब्दच कळला नाही" हे त्याला सांगणे अठरा वर्षांच्या मुलाला जड जाते. गेल्याच वर्षी त्याच फॉर्मवर अडखळलेल्या मुलाला ते सहज सांगता येते.

आपल्या समाजाचे काय? जूनमध्ये गुणगौरव समारंभ होतो. शाल, ट्रॉफी, पाहुण्यांचे तासभर भाषण, "यूपीएससी करा". मग पुढच्या जूनपर्यंत त्या मुलांचे काय झाले, कोणी विचारत नाही. ट्रॉफीच्या खर्चाला माझा विरोध नाही, पण त्याच मंचावर प्रत्येक मुलाच्या हाती दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका भाईचा किंवा आपाचा फोन नंबर दिला तर? शक्यतो त्याच कॉलेजातला, त्याच शाखेचा. एकाकडे चार-पाच जणांपेक्षा जास्त नकोत. आठवड्यातून एकदा, कॉलेजच्या आवारात किंवा वाचनालयात, अर्धा तास बसायचे. दिवाळीपर्यंत एवढे झाले तरी पुष्कळ, कारण गळती बहुतेक पहिल्या सत्रातच सुरू होते.

"सीनियर म्हटले की रॅगिंग आलेच," असे काही पालक म्हणतात. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि भीती खोटी नाही. म्हणूनच गट कोणाचा, भेट कुठे आणि केव्हा, हे एका शिक्षकाला माहीत असले पाहिजे. मुलींसाठी आपाच असावी, म्हणजे घरूनही आडकाठी येत नाही. आणि सीनियरवर सगळे टाकू नये. शिकवणी घेणे, पैसे देणे हे त्याचे काम नाही. एखादी मुलगी रडत असेल, जेवत नसेल, कॉलेजला येणेच थांबवले असेल, तर त्याने ते त्या शिक्षकाला कळवायचे. स्वतः डॉक्टर व्हायचे नाही.

सीनियरलाही काही मिळायला हवे. त्याच्याही परीक्षा असतात, बरेच जण दुकानात काम करून शिकतात. नव्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभागाच्या प्रकल्पाला क्रेडिट आहे. पाच नवख्या मुलांना वर्षभर सांभाळणे हा सामुदायिक सहभाग नाही तर काय? प्राचार्यांकडे ही मागणी करायला पालकांना, माजी विद्यार्थ्यांना कोणी अडवलेले नाही.

उर्दू शाळांनी आपल्या वाट्याचे एवढे करावे: मागच्या दोन बॅचमधली कोणती मुले कोणत्या कॉलेजात, कोणत्या वर्षात आहेत, याची एक यादी बनवावी. बहुतेक वर्गशिक्षकांच्या मोबाइलमध्ये ती अर्धी तयार असते. बारावीचा निकाल लागायच्या आत उरलेली अर्धी पूर्ण करता येईल.