अवलंबनाचें माप

पांचगणीचें नांव काढलें कीं तेथील टेबललँडचें पठार आणि निवासी शाळा डोळ्यांपुढें येतात. अशा शाळांचा कारभार आतां वह्यांतून संगणकांत शिरला आहे. विद्यार्थ्यांचा पट, फी, मेस, दवाखाना, प्रत्येकासाठीं सॉफ्टवेअरचा निराळा विभाग असतो. परंतु हे विभाग निराळे दिसले तरी एकाचें दुसऱ्यावांचून अडतेंच. तें किती अडतें हें मोजण्याची रीत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विभागांनीं एकमेकांत शक्य तितकें कमी गुंतावें, हा विचार स्टीव्हन्स, मायर्स व कॉन्स्टंटाइन यांनीं १९७४ सालच्या निबंधांत मांडला. पुढें १९९४ सालीं रॉबर्ट मार्टिन यांनीं एक सोपा भागाकार सुचविला. विभाग ज्यांच्यावर विसंबतो त्यांची संख्या घ्यावी आणि तिला, ती व त्याच्यावर विसंबणाऱ्यांची संख्या यांच्या बेरजेनें भागावें.

समजा, एका शाळेंत फी, मेस व दवाखाना हे तिन्ही पटावरून नांवें घेतात आणि पट कोणावरही विसंबत नाहीं. पटाचा भागाकार शून्य येतो. फीवर कोणीच विसंबत नाहीं, म्हणून तिचा एक येतो. एक आलेला विभाग खुशाल बदलावा. शून्य आलेल्यास हात लावण्यापूर्वीं त्याच्यावर विसंबणाऱ्या साऱ्यांचा विचार करावा. उद्यां कोणी सोयीसाठीं पटालाच मेसच्या यादीवर विसंबावयास लावलें, तर पटाचा आंकडा ०.२५ होतो. मेसची यादी वरचेवर बदलणारी. तिच्यापायीं फी आणि दवाखानाही डळमळूं लागतात. चंचलानें स्थिरावर विसंबावें, हें यांतील सूत्र.

मोजणी न केल्याचें फळ मार्च २०१६ मध्यें जगानें पाहिलें. अवघ्या ११ ओळींचा एक प्रोग्राम त्याच्या कर्त्यानें सार्वजनिक भांडारांतून काढून घेतला आणि त्याच्यावर नकळत विसंबलेल्या असंख्य प्रोग्रामांचें काम अडलें.

मात्र मोजणींत सर्वच सांपडतें असें नाहीं. साल दोनच अंकांत लिहिण्याची जुनी रूढी परस्परांशीं संबंध नसलेल्या विभागांतही होती, इ. स. २००० जवळ येतांच सर्वांनाच एकदम धोका उत्पन्न झाला. असे छुपे धागे शोधण्यासाठीं लिहिलेला प्रोग्राम यंत्राकरवींच वाचून घ्यावा लागतो. पुण्यास १९८१ सालीं स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्यें अशा विश्लेषणावर संशोधन झालें आहे.

एकत्र कुटुंबांत ज्या माउलीवर साऱ्या घराची भिस्त, तिला एक दिवस आजारी पडण्याचीही सोय नसते. आणि ही भिस्त किती होती, हें ती अंथरुणास खिळल्यावरच इतरांस कळतें. आमच्या वाचकांपैकीं जे शाळेच्या वा संस्थेच्या व्यवस्थापनांत असतील, त्यांनीं सॉफ्टवेअरमध्यें बदल सांगण्यापूर्वीं करणाऱ्याकडून ही मोजणी लेखी मागावी, एवढी आमची विनंती आहे.