शेवटचे कडवे कापू नका!

जयंती जवळ आली की गावोगावच्या मंडळांत बैठका सुरू होतात. वर्गणी किती, मिरवणूक कोणत्या रस्त्याने, मंडप कोणाचा, डीजे कोणता, गायनपार्टी कोणती, यावर रात्र रात्र चर्चा होते. एका प्रश्नावर मात्र कोणी तोंड उघडत नाही. त्या रात्री स्टेजवर जो गायक जीव ओतून गाणार आहे, त्याचा आवाज उद्यासाठी कोण जपून ठेवणार आणि कसा? हा प्रश्न तांत्रिक नाही, चळवळीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्नर तालुक्यातले पिंपरी पेंढार घ्या. कल्याण-नगर महामार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधले हे गाव. शेजारच्या ओतूरला महात्मा फुल्यांच्या हयातीतच सत्यशोधक विचार पोचला होता. त्याच तालुक्यात नारायणगाव, तमाशाची पंढरी, जिथल्या विठाबाई भाऊ मांग यांनी राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला आणि २००२ साली हलाखीत जगाचा निरोप घेतला. म्हणजे ज्या मातीत ढोलकी आणि गळा पिढ्यान्‌पिढ्या नांदला, त्या मातीतले हे गाव. अशा गावात भीमगीतांचा कार्यक्रम रंगतो तेव्हा त्याची नोंद काय राहते? पन्नास मोबाईल वर होतात, दोन दिवस चित्रफिती फिरतात, आणि पुढच्या जयंतीपर्यंत त्या कोणाच्याच मोबाईलमध्ये उरत नाहीत. उरल्या तरी त्यात ऐकू काय येते? फाटलेला कर्णा, महामार्गावरच्या ट्रकचा हॉर्न, शेजारच्याची शिट्टी. गायकाचे शब्द मात्र नाहीत. आणि भीमगीतात शब्दच नसतील तर राहिले काय?

आम्ही मोबाईलच्या विरोधात नाही. कडूबाई खरात यांचा आवाज घरोघर नेला तो मोबाईलवरच्या चित्रफितींनीच. प्रस्थापितांच्या कोणत्याही कंपनीने तो शोधून आणला नव्हता. पण तिथे एक गळा होता, एक एकतारी होती आणि मोबाईल हाताच्या अंतरावर होता. सहा वाद्ये, चार कोरसवाले, दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती आणि समोर हजार माणसे असतील, तिथे मोबाईलचा एवढासा माईक काय करणार?

काही मंडळे एक पाऊल पुढे जातात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर काढून रेकॉर्डिंग करतात आणि काम झाले असे मानतात. ते ऐकले की निराशा होते. गायक कानाशी ओरडतो, ढोलकी विहिरीतून आल्यासारखी वाटते, माणसे तर नाहीतच. यात ऑपरेटरचा दोष नाही. त्याने आवाज जुळवलेला असतो तो मैदानासाठी. ढोलकी, हलगी ही वाद्ये मुळातच मोठ्या आवाजाची, स्टेजवरून ती तशीच ऐकू येतात. म्हणून तो स्पीकरमध्ये त्यांचा आवाज कमी ठेवतो आणि गळ्याचा वाढवतो. मैदानावर दोन्ही मिळून जे होते ते वायरीत येत नाही. मैदानाचे मिक्सिंग वेगळे आणि रेकॉर्डिंगचे मिक्सिंग वेगळे, ही साधी गोष्ट आमच्या मंडळांनी समजून घेतली पाहिजे.

मग करायचे काय? प्रत्येक माईकचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा. गायकाचा एक, पेटीचा एक, ढोलकीचा एक, कोरसचे दोन. आजकालचे बरेच डिजिटल मिक्सर एका यूएसबी वायरीने सोळा किंवा बत्तीस ट्रॅक लॅपटॉपवर सुटे सुटे उतरवून देतात. याशिवाय दोन माईक स्टेजच्या दोन्ही कडांना, स्पीकरकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून लावायचे. हे माईक स्पीकरला जोडायचे नाहीत, फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवायचे. कारण भीमगीत एकटा गायक गातच नाही. ध्रुपद उचलणारी माणसे, ‘वन्स मोअर’ मागणारी म्हातारी, मध्येच उसळणारा ‘जयभीम’चा घोष, हे सारे त्या गाण्याचेच भाग आहेत. ते वगळले तर उरतो तो स्टुडिओतला माल.

रेकॉर्डिंग करणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. एक, आवाजाची पातळी जपून ठेवावी. शाहीर कुजबुजतो तेव्हा काटा कमी दिसतो म्हणून बटण चढवायचे नाही, कारण पुढच्याच ओळीला तो डरकाळी फोडणार असतो. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये लाल दिवा लागला की आवाज फाटलाच, आणि फाटलेला आवाज नंतर धडपणे शिवता येत नाही. चोवीस बिटवर घेतलेला हळू आवाज मात्र नंतर सहज वाढवता येतो. दुसरे पथ्य, आवाज कोरडा घ्यावा. आमच्याकडे एकोचे वेड फार. स्टेजवर हवा तर थोडा असू द्या, पण रेकॉर्डिंगमध्ये गेलेला एको काढता येत नाही. एकोत जोडाक्षरे विरघळतात, यमके एकमेकांवर आदळतात आणि कवीने घासूनपुसून बसवलेला शब्द धुरात जातो.

गायकांनाही एक विनंती आहे. माईकचे डोके मुठीत धरू नका. तसे धरले की आवाज नाकात बोलल्यासारखा येतो आणि शिट्टीही मारतो. चार बोटांचे अंतर ठेवा, वरचा सूर लावताना माईक थोडा दूर न्या. जुने शाहीर एका माईकभोवती उभे राहून पुढे-मागे सरकत आपल्या आवाजाचे मिक्सिंग स्वतःच करीत. ते शहाणपण टाकून देऊ नका.

पुढचे काम घरी बसून करायचे, ते मिक्सिंगचे. त्याचा पहिला नियम आमच्या मते एकच आहे : शब्द आधी. गळ्याच्या ट्रॅकमधली खालची घरघर, म्हणजे माईक हाताळल्याचा आणि स्टेजच्या फळ्यांचा दणका, कापून टाका. ज्या पट्टीत व्यंजने स्पष्ट होतात ती, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झची, किंचित उचला आणि तिथेच गर्दी करणारा कीबोर्ड खाली बसवा. कॉम्प्रेसरने सारे गाणे एका उंचीचे करून सपाट करू नका. त्यापेक्षा ओळीओळीला हाताने आवाज वर-खाली करा. लोकांचे माईक जोडताना एक हिशेब ध्यानात ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. लोकांचा माईक स्पीकरपासून सतरा मीटरवर असेल तर तोच शब्द त्यात सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा पोचतो. तो ट्रॅक तेवढा मागे सरकवून जुळवला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आणि गळा सुरात बसवणारे यंत्र तर लावूच नका. ज्या माणसाने दिवसभर वीटभट्टीवर राबून रात्री गळा लावला, त्याच्या आवाजातली खरखर हा दोष नाही, तो पुरावा आहे.

कोणी म्हणेल, एवढे कोणी करते का? करते. आमच्यासारख्याच, गुलामीच्या साखळ्या तोडत आलेल्या समाजाने केले आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. ते नाते आम्ही भाषणात सांगतो, पण त्या लोकांनी आपला आवाज कसा जपला हे पाहत नाही. १९६३ साली मेडगर एव्हर्स यांचा खून झाला, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या. त्या संतापातून नीना सिमोन या गायिकेने ‘मिसिसिपी गॉडडॅम’ हे गाणे लिहिले. १९६४ साली न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लोकांसमोर ते गायले आणि तेच रेकॉर्डिंग प्रसिद्ध झाले. ते ऐकताना सुरुवातीला लोक हसतात. गाणे पुढे सरकते तसे हसणे मावळते आणि सभागृह गप्प होते. ती शांतता हा त्या गाण्याचा अर्धा अर्थ आहे. लोकांचा आवाज कापला असता तर तो अर्थही कापला गेला असता.

एला फिट्झगेराल्ड या जॅझ गायिकेचे उदाहरण तसेच आहे. १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनच्या कार्यक्रमात त्या एका गाण्याचे शब्दच विसरल्या. थांबल्या नाहीत, जागच्या जागी नवे शब्द रचत गेल्या. कंपनीने ती चूक झाकली नाही, तशीच प्रसिद्ध केली, आणि त्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आमच्या गायनपार्ट्यांच्या सामन्यात समोरच्याच्या प्रश्नाला उभ्या उभ्या रचलेल्या ओळीने उत्तर देणारे कवी किती झाले! वहीत नसलेल्या त्या ओळी त्या रात्रीच जन्मल्या आणि त्या रात्रीच गेल्या.

एक जलसा दहा सभांच्या तोडीचा, असे बाबासाहेब मानीत, हे जुने कार्यकर्ते सांगत आले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. तेव्हा रेकॉर्डिंगचे यंत्र कंपन्यांच्या हाती होते आणि जलसा गावकुसाबाहेर होत होता. आज ते निमित्त आपल्याला सांगता येणार नाही. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी गेले, विठ्ठल उमप २०१० साली गेले. शाहीर विलास घोगरे यांनी १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर जीवन संपवले. त्यांचा गाता आवाज आणि चेहरा पुढच्या पिढीला दिसतो, कारण आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटात तो टिपला गेला होता. कोणीतरी वेळेवर माईक धरला म्हणून तो आवाज उरला.

वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. ही आपल्या संत-शाहिरांची जुनी रीत. कवी आपली सही गाण्याच्या पोटातच ठेवून जातो, कारण कागदावरची सही त्याच्या हाती राहणार नाही हे त्याला ठाऊक असते. आता विचार करा. गाणे लांब होते म्हणून शेवटचे कडवे वगळले, चित्रफीत दीड मिनिटाची करायची म्हणून ध्रुपद आणि एकच कडवे ठेवले, तर कापले काय गेले? कवीचे नाव कापले गेले. मग तेच गाणे दुसऱ्याच्या नावावर खपते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. संपूर्ण गाणे, अखेरच्या ओळीपर्यंत रेकॉर्ड करणे हा म्हणूनच हौसेचा नाही, हक्काचा प्रश्न आहे.

हा हक्क कायद्यानेही दिला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क मान्य झाले. १९९९ साली त्यांची मुदत पन्नास वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा आणि आपले नाव जोडले जाण्याचा हक्कही आला. गायकाच्या संमतीशिवाय त्याचा कार्यक्रम रेकॉर्ड करून विकता येत नाही. तेव्हा मंडळांनी कार्यक्रमाआधीच एका कागदावर लिहून घ्यावे : रेकॉर्डिंग कशासाठी, मूळ ट्रॅक कोणाकडे राहणार, पुढे पैसे आले तर गायक, कवी आणि वादक यांना वाटा काय. समाजाच्या नावाने समाजाच्याच कलावंताला लुबाडणे आम्हाला मान्य नाही.

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. मिरवणुकीत छातीत धडकी भरवणाऱ्या डीजेवर जो पैसा जातो, त्यातला एक तुकडा बाजूला काढा. एका मंडळाला जमत नसेल तर पाच गावांनी मिळून एक लॅपटॉप, दोन माईक आणि गावातली दोन शिकलेली मुले-मुली तयार करावीत. मुलींना तर आवर्जून शिकवा. मूळ ट्रॅक वेव्ह स्वरूपात ठेवा, नुसत्या एमपी-थ्रीवर भागवू नका. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, पेनड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत एक पान लिहा : तारीख, गाव, गायक, कवी, पेटीवाला, ढोलकीवाला, कोरसवाले, साउंडवाला. कोणाचेही नाव सोडू नका.

नावे नोंदवण्याची रीत पिंपरी पेंढारच्या मुलखाला नवी नाही. जुन्नरच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेणी कोरली गेली. त्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत राजांचीच नावे नाहीत. बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी, परदेशातून आलेले यवन उपासक, अशा साध्या माणसांची नोंद तिथे दगडात कोरलेली आहे. ज्यांनी बांबू सोलला त्यांची नोंद दगडावर उरली. मग ज्यांनी गाऊन समाज जागा केला, त्यांची नोंद आपण साध्या वहीतही करणार नाही काय?

मंडळांच्या येत्या बैठकीत डीजेच्या आधी हा विषय घ्या. माईक लावा, ट्रॅक सुटे घ्या, नावे लिहा आणि गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत जाऊ द्या.

जयभीम!