खालची वाट मोकळी हवी

दिग्गीच्या डोंगरात उगम पावणारी काळी नदी आपल्या परिचयाची आहे. १९८०च्या दशकात खाली सुपा धरण झाले आणि पाणी मागे फुगून जुने सुपा गाव बुडाले. किडनी रोपणानंतर मूत्रमार्ग अरुंद असल्याचे आढळले, तर शरीरातही असेच होते. वाट खाली अडते, मूत्राशय तुंबतो आणि दाब वर चढून नव्या किडनीला इजा होते.

डायलिसिसवरील अनेकांना लघवी फारच थोडी होते. त्यामुळे मार्ग आकसलेला असला तरी कळत नाही. नवी किडनी काम करू लागली की अडथळा उघड होतो. म्हणून तिथे पूर्वी मार लागला असेल, नळी घातलेली असेल किंवा धार बारीक झाली असेल, तर रोपणापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

अडथळा मोठा असेल तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालून ती पिशवीला जोडतात. "म्हणजे नवी किडनीही गेली का?" असे घरची मंडळी मला विचारतात. नाही, ही नळी किडनी वाचवण्यासाठीच असते. पुढे दुर्बिणीतून मार्ग मोकळा करता येतो. मात्र तो पुन्हा आकसू शकतो. अरुंद भाग लांब असेल, तर गालाच्या आतले अस्तर लावून मार्ग रुंद करतात. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी या शस्त्रक्रियेसाठी जगभर ओळखले जातात.

घरी एवढे पाळावे. नळीला हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. पिशवी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीला पीळ पडू देऊ नये व ती ठरल्या दिवशी बदलून घ्यावी. नळी निसटली तर छिद्र काही तासांत आकसू शकते. तेव्हा लगेच निघावे. घरी जबरदस्तीने नळी घालू नये.

रोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते. त्यामुळे थंडी-ताप, पोटात नव्या किडनीच्या जागी दुखणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दिग्गीसारख्या गावातून मोठे रुग्णालय दूर, त्यात पावसाळा. म्हणून गाडी आणि डॉक्टरांचा फोन नंबर आधीच ठरवून ठेवावा. रोपणाची औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

मूत्रपिंड हा शब्द मराठीत आणि कन्नडातही तोच. लघवीविषयीची लाजही दोन्हीकडे सारखीच. लग्नकार्याला जाताना पिशवी लुंगीखाली खुशाल झाकावी. ताप मात्र झाकू नये.