ऋणमोचन

पौष महिन्यातील रविवारी भातकुली तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी, ऋणमोचनची यात्रा भरते. पूर्णेत स्नान करावे, मुद्गलेश्वराचे दर्शन घ्यावे आणि ऋणातून मुक्त व्हावे, ही वऱ्हाडातील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. ते ऋण देवाचे, पितरांचे की सावकाराचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. याच यात्रेत एकेकाळी एक तरुण हाती कुदळ-फावडे घेऊन नदीकाठची घसरण बुजवीत असे. चिखलातून वर येणाऱ्या बायाबापड्यांना वाट करून देणे, हीच त्याची यात्रा होती. पुढे उभा महाराष्ट्र त्यास संत गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला.

१८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेल्या डेबूजीने कर्ज म्हणजे काय, हे पुस्तकात वाचले नव्हते. वडिलांच्या व्यसनापायी घर बुडाले. आश्रय दिलेल्या मामांची दापुऱ्याची कसदार जमीन सावकाराच्या घशात गेली, आणि सावकाराचे नांगर शेतात आले तेव्हा त्यांना अडविण्यास डेबूजीच आडवा झाला. म्हणूनच पुढे बाबांच्या कीर्तनात कर्ज हा विषय देवाहूनही आधी येई. लग्नासाठी कर्ज काढू नका, सणासाठी काढू नका, देवाच्या नावाने तर मुळीच काढू नका, असे ते श्रोत्यांना खडसावीत. परंतु कर्जात बुडालेल्या माणसाला ‘तुझ्या कर्माची फळे’ असे सांगून ते पुढे निघून गेले, असे कधी घडले नाही. स्वतः मात्र भाकरीच्या मोबदल्यात लाकडे फोडल्यावाचून वा अंगण झाडल्यावाचून जेवले नाहीत. दुसऱ्यावर दया आणि स्वतःवर कठोर शिस्त, हा त्यांचा हिशेब होता. आज आपण तो नेमका उलटा मांडू लागलो आहोत.

वऱ्हाड आणि कर्ज यांचा संबंध तसा जुना आहे. हा प्रांतच एकदा कर्जापोटी गहाण पडला. कंटिंजंट फौजेचा थकलेला खर्च भागविण्यासाठी निजामाने १८५३ साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा येथल्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. असो. अलीकडचा इतिहास मात्र वाचकांच्या डोळ्यांसमोर घडला आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. तिची मर्यादा दोन हेक्टरांची होती. ओलिताच्या पाच एकरांत बागायतदार सुखाने जगतो, आणि खारपाणपट्ट्यातील आठ एकरांचा कोरडवाहू कास्तकार पावसाने दगा दिला की उपाशी राहतो, हा साधा भेद दिल्लीच्या कागदात नव्हता. त्यामुळे ज्या प्रदेशाच्या नावाने आक्रोश झाला, त्याच प्रदेशातील असंख्य शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिले. खासगी सावकाराचे देणे तर विचारातच घेतले गेले नाही. पुढे २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात अपात्रांना मिळालेला लाभ, वंचित राहिलेले पात्र शेतकरी आणि नोंदींतील खाडाखोड हे सारे उघड झाले. राज्यात २०१७ ला पुन्हा कर्जमाफी झाली, २०१९ च्या अखेरीस पुन्हा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरातील आंदोलनानंतर राज्य शासनाने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे आश्वासन दिले.

इतके होऊनही २०२३ मध्ये राज्यात सर्वाधिक शेतकरी आत्महत्या अमरावती जिल्ह्यात झाल्या. हे वाक्य लिहितानाही लेखणी अडखळते.

या परिस्थितीत दोन प्रकारचे उद्गार आपल्या कानी येतात. सोसायटीच्या ओट्यावर ऐकू येते, ‘भरून काय करता, माफच होणार आहे.’ आणि शहरातील दिवाणखान्यात ऐकू येते, ‘यांना फुकटाची सवय लागली. अमेरिकेत बघा, तेथे कोणी कोणाला पोसत नाही.’ हा दुसरा उद्गार अनेकदा सुट्टीवर आलेल्या मुलाकडून वा जावयाकडून शिकलेला असतो. पहिल्या उद्गाराचा समाचार सगळेच घेतात. दुसऱ्याची तपासणी मात्र सहसा होत नाही. ती आज करू.

अमेरिकेच्या संस्थापकांनी ४ जुलै १७७६ च्या घोषणापत्रात प्रत्येक मनुष्यास सुखाचा शोध घेण्याचा अधिकार दिला. सुख देण्याची हमी राज्याने घेतली नाही. ते ज्याचे त्याने मिळवावे. या विचारात तेज आहे, हे मान्य केलेच पाहिजे. बेंजामिन फ्रँकलिन याने तर दहा वर्षे आधीच, १७६६ मध्ये लिहिले होते की, गरिबाला गरिबीतच आराम देण्यापेक्षा त्याला गरिबीतून बाहेर काढणे हे खरे उपकाराचे काम होय. आपल्या दिवाणखान्यातील मंडळींना हे वचन फार आवडेल. परंतु हाच फ्रँकलिन १७५१ मध्ये फिलाडेल्फियातील गरीब रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यास झटत होता. नागरिकांनी वर्गणी जमविली तर तेवढीच रक्कम विधिमंडळाने द्यावी, अशी तोड त्याने काढली आणि ती यशस्वी केली. स्वावलंबनाचा उपदेश करणाऱ्या हातानेच वर्गणीची यादीही लिहिली होती. १८३१ मध्ये तो देश पाहावयास गेलेला फ्रेंच विचारवंत तोकव्हिल याला नवल वाटले ते याच गोष्टीचे, की रस्ता, शाळा, इस्पितळ काहीही हवे असले की ही माणसे सरकारकडे धावण्याआधी आपसांत मंडळ स्थापन करतात. अमेरिकेचा हा गुण आपले स्नेही सांगत नाहीत. ते सांगतात फक्त ‘कोणी कोणाला पोसत नाही’ एवढेच.

आणि तेही खरे नाही. त्या आदर्शाच्या पायाखाली काय होते, हे वऱ्हाडाने विसरू नये, कारण आपले दैव त्याच्याशी कापसाच्या धाग्याने बांधलेले आहे. दक्षिणेकडील ‘स्वावलंबी’ मळेवाले गुलामांच्या घामावर जगत होते. १८६१ मध्ये तेथे यादवी पेटली, मँचेस्टरला जाणारा कापूस आटला आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. अमरावती, अकोला, खामगाव येथील बाजारांत भाव कधी नव्हे इतके चढले. ज्वारीची शेते कपाशीखाली आली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला. पण सावकाराच्या वहीतील आकडा कोसळला नाही. त्या वेळी सुरू झालेले हे दुखणे अजून सरलेले नाही.

पुढील काळात त्याच अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यास कसे वागविले? १८६२ च्या कायद्याने, पाच वर्षे जमीन कसून दाखविणाऱ्यास १६० एकर जवळजवळ फुकट दिली. ती मूळ रहिवाशांची होती, हा भाग वेगळा. १९३५ मध्ये वृद्धांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. १९९६ मध्ये क्लिंटन यांनी गरीब कुटुंबांच्या रोख मदतीस कामाची अट व पाच वर्षांची मुदत घातली, आणि त्या कायद्याच्या नावातच व्यक्तिगत जबाबदारी हा शब्द घातला. गंमत अशी की, त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, २००१-०२ च्या हंगामात, सुमारे २५ हजार अमेरिकी कापूस उत्पादकांच्या पदरात तीन अब्ज डॉलरहून अधिक अनुदान पडले. गरीब आईसाठी पाच वर्षांची मुदत, बड्या कापूसवाल्यासाठी मात्र मुदत नाही! त्या अनुदानाने जगाच्या बाजारात भाव पडले. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, खटला जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर मोजून ते प्रकरण मिटविले. अकोटच्या कास्तकाराचे नुकसान मात्र कोणी मोजले नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले आणि नंतर ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. गिरण्यांची अडचण खरी असेल. पण वेचणीच्या तोंडावर घेतलेल्या या निर्णयाचा भार कोणी उचलला, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे. शासन आपले आहे म्हणून वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे दुःख कमी होत नाही.

ज्याच्या हातात बी-बियाण्याचा भाव नाही, पावसाचा नेम नाही आणि मालाची किंमत नाही, त्याला व्यक्तिगत जबाबदारीचे पाठ देणे सोपे आहे. ते देणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात नाममात्र शुल्क भरून पदवी घेतली. तो खर्च कोणी केला, हे आपण कधी विचारले नाही. शरद जोशींच्या मागे निघालेल्या शेतकऱ्याची घोषणाच मुळी ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी होती. त्यांच्या खुल्या बाजाराच्या विचाराशी आमचे मतभेद राहिले. पण या घोषणेतील स्वाभिमान निखळ होता.

मग कर्ज माफ करावे की करू नये? वऱ्हाडाने या प्रश्नाला एकदा स्वतःचे उत्तर दिले होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव मातीमोल झालेले, आणि कर्जाचे आकडे मात्र तेजीच्या काळातील. या कायद्याने लवाद मंडळासमोर सावकार व ऋणको यांना समोरासमोर बसविले. मूळ किती, व्याज किती, शेत किती पिकते, याचा उघड हिशेब झाला. फेडणे शक्य असेल तेवढी रक्कम ठरली आणि तिचे हप्ते बांधून दिले गेले. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या धनकोला न्यायालयात पुढे पूर्वीसारखा लाभ मिळत नसे. यात शेतकऱ्यावर दया होती. परंतु त्याला देणेकऱ्याच्या प्रतिष्ठेतून काढून याचकाच्या रांगेत उभे केलेले नव्हते. त्याचा शब्द घेतला जात होता. आजच्या कर्जमाफीत त्याचा शब्द कोणी घेत नाही. आधार क्रमांक आणि अंगठा घेतात, यादी लावतात, आणि जो दागिने मोडून वेळेवर परतफेड करतो तो गावात खुळा ठरतो. नियमित फेडणाऱ्यांना २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन कबूल झाले. ते प्रत्यक्ष मिळू लागण्यास २०२२ उजाडले.

हाच भाव अमरावतीच्या तपोवनात दिसतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तेथे कुष्ठरुग्णांची वसाहत उभी केली. समाजाने वाळीत टाकलेल्या, बोटे झडलेल्या माणसांना त्यांनी अन्न-औषध दिलेच. पण शेती, विणकाम, सुतारकाम त्यांच्या हाती सोपविले. ज्यांना सारे जग भिकारी समजत होते, त्यांनी बनविलेल्या वस्तू अमरावतीकरांनी विकत घेतल्या. आणि जे काहीच करू शकत नाहीत त्यांचे काय? परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, अंध, मूकबधिर मुलांना आपले नाव दिले. वयाच्या अठराव्या वर्षी बालगृह सोडावे, हा नियम अशा मुलांना लावता येणार नाही, असे ते वर्षानुवर्षे शासनाला बजावीत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या माळरानावर हजारो झाडे वाढली आहेत. त्यांना पाणी घालणारे हात त्याच मुलांचे आहेत.

पंडित दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानांत व्यक्ती आणि समाज यांत मूलतः विरोध नाही, असे प्रतिपादन केले. ग्रंथात हा विचार कठीण वाटतो. वझ्झरला तो डोळ्यांनी दिसतो.

ऑगस्ट २०२४ पासून राज्यातील भगिनींच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले. ते तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, दारूच्या गुत्त्यावर जात नाहीत, हा लाभ लहान नाही. ते नाकारण्याचा अधिकार दिवाणखान्यातील कोणालाही नाही. मात्र खात्यात पैसे टाकून शासन मोकळे होते, तसा समाजही मोकळा होऊ पाहतो, ही आमची खरी चिंता आहे. आत्महत्या झालेल्या घरी समिती जाते, प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरविते. त्यानंतर त्या घरी कोण जाते? मुलीचे शिक्षण, सातबाऱ्यावरील विधवेचे नाव, कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे नवे-जुने, यांतील एकही काम खात्यात जमा होणाऱ्या रकमेने आपोआप होत नाही.

आमच्या कार्यकर्त्यांपुढे म्हणून एक साधे काम ठेवावेसे वाटते. प्रत्येक गावात गटसचिव, शिक्षक, एखादा जाणता कास्तकार आणि बचत गटाची एखादी ताई यांना घेऊन अडचणीतील घरी बसावे. बँकेचे, सावकाराचे, नातेवाइकाचे सगळे देणे एका कागदावर मांडावे. कोणाचे आधी फेडायचे, कोणाकडून मुदत मागायची, यंदा कपाशी किती आणि ज्वारी-तूर किती, हे त्या घरातील स्त्रीच्या समक्ष ठरवावे. बँकेत जायचे असेल तर सोबत जावे. कायदा नसला तरी पंजाबरावांचे लवाद मंडळ असे गावोगाव पुन्हा बसू शकते. मात्र ते अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतच्या दिवसांत बसले पाहिजे. एकदा कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे उचलले गेले, की त्या घराचा वर्षाचा हिशेब ठरून गेलेला असतो.