मोठा खेळाडू म्हणजे चांगला कोच? अकॅडमी उघडण्याआधी हा हिशोब मांडा

गावाबाहेर अर्धा एकर जागा आहे, पिकलबॉलचं कोर्ट टाकायचं आहे, किंवा मुलांसाठी खो-खो, बॅडमिंटनची अकॅडमी काढायची आहे, असं म्हणणारे बरेच जण भेटतात. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सर, एखादा नॅशनल खेळलेला प्लेअर कोच म्हणून आणतो, बोर्डावर फोटो लावतो, मग बघा गर्दी."

गर्दी येईल, यात शंका नाही. पण ती टिकेल का? माझं मत स्पष्ट सांगतो. खेळणं हा एक धंदा आहे आणि शिकवणं हा दुसरा. पहिल्यातली पदकं बघून दुसऱ्याचा पगार ठरवू नका.

आधी आपल्याच जिल्ह्याकडे बघा. धाराशिवच्या सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती इतकी बेताची की एका टप्प्यावर त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. तेव्हा त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून त्यांना पुन्हा मैदानावर आणलं. आता सांगा, त्या दिवशी कामाला काय आलं? खांबावर सूर कसा मारायचा हे ज्ञान? नाही. समोरच्या मुलीच्या मनात काय चाललंय हे ओळखणं कामाला आलं. कोचचं अर्धं काम हेच असतं, आणि त्यासाठी पदक मिळत नाही.

क्रिकेटमध्ये बघा. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना खेळले. पण सचिन तेंडुलकर त्यांच्या हाताखाली घडला आणि 1990 साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. जो सचिनला बाद करेल त्याचं, आणि सचिन नाबाद राहिला तर ते सचिनचं. एका रुपयात बॅट्समनला विकेटची किंमत शिकवली! चंद्रकांत पंडित पाच कसोटी खेळले. पण कोच म्हणून त्यांनी आधी विदर्भाला आणि नंतर मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजी करंडक जिंकून दिला.

असं का होतं? मोठ्या खेळाडूचं शरीरच खेळतं. त्याला विचारा, "हा फटका कसा मारला?" तो म्हणेल, "टायमिंग येतं आपोआप." पहिल्या दिवशी आलेल्या मुलाला हे 'आपोआप' काय कळणार? ज्याला स्वतःला अडखळत शिकावं लागलं, त्याला पायऱ्या आठवतात. म्हणून तो त्या दुसऱ्याला दाखवू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, मग पुल्लेला गोपीचंद? 2001 चे ऑल इंग्लंड विजेते आणि सायना, सिंधूचे गुरू. राहुल द्रविड? बरोबर आहे. मोठा खेळाडू चांगला कोच होऊच शकत नाही, असं मी म्हणतच नाही. पण द्रविड थेट मुख्य संघाचे कोच झाले नाहीत. 2015 पासून भारत 'अ' आणि 19 वर्षांखालच्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं, मग 2021 मध्ये मोठी जबाबदारी घेतली. म्हणजे इतकी वर्षं मैदान गाजवलेला माणूसही शिकवण्याचं काम खालच्या पायरीपासून शिकला.

आता धंद्याचा हिशोब. समजा महिना फी 600 रुपये. मोठ्या नावामुळे पहिल्या महिन्यात 40 मुलं आली, म्हणजे 24,000. पण सर मुलांवर ओरडतात, निम्मे दिवस स्पर्धेला बाहेरगावी. तिसऱ्या महिन्यात 15 मुलं उरली: 9,000. दुसरीकडे साधा, पण हाडाचा शिक्षक. सुरुवात 20 मुलांनी, 12,000. आई-बाप एकमेकांना सांगतात, तिसऱ्या महिन्यात 30 मुलं: 18,000. छोट्या गावात जाहिरात बोर्डाने कमी आणि तोंडी जास्त होते, हे विसरू नका.

पिकलबॉलमध्ये तर हे जास्तच लागू. त्याचं कोर्ट 44 बाय 20 फूट, बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच. तिथे येणारं गिऱ्हाईक बहुतेक चाळिशीतले डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, गृहिणी असणार. त्यांना चॅम्पियन व्हायचं नाही. गुडघा न दुखवता, हसत-खेळत तासभर घाम गाळायचाय. त्यांना हरवणारा नको, खेळवणारा पाहिजे.

मग कोच निवडायचा कसा?

एक: ज्याने कधी बॅट हातात धरली नाही असा माणूस त्याच्यापुढे 20 मिनिटं उभा करा. नंतर कोचला नाही, त्या माणसाला विचारा, "काय शिकलास?"

दोन: चुकणारं मूल दाखवा आणि विचारा, "का चुकतंय?" एकच उपाय सांगून गप्प बसला तर थांबा. दोन-तीन मार्ग सुचवले तर बोलणी पुढे न्या.

तीन: पगार ठरवताना थोडी ठराविक रक्कम द्या आणि वरचा भाग टिकलेल्या मुलांवर ठेवा, नव्या ॲडमिशनवर नाही.

आणि मोठ्या खेळाडूला सोडू नका. महिन्यातून एका रविवारी पाहुणा म्हणून बोलवा, मानधन द्या. स्वप्न दाखवायला त्याच्यासारखा माणूस नाही.

शेवटी, स्वतः राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळून आता अकॅडमी काढू पाहणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, तुमचं सर्टिफिकेट दार उघडेल, पण आत बसवणार नाही. पतियाळाच्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक कोर्स असतो, त्याची चौकशी करा. त्याआधी एखाद्या जुन्या सरांच्या हाताखाली सहा महिने लहान मुलांची बॅच सांभाळा. सगळ्यात कच्चं मूल मागून घ्या. ते मूल सहा महिन्यांनी मैदानावर टिकलं असेल, तर खुशाल बोर्ड रंगवायला टाका.