‘आळशी’ बायकोचा रक्ततपासणी अहवाल

घटस्फोटाच्या अर्जांत एक वाक्य ठरलेले असते: ‘सामनेवाली आळशी आहे, दिवसभर झोपून असते, विनाकारण रडते.’ अशाच एका अर्जातील सामनेवाली गेल्या वर्षी माझ्या कार्यालयात आली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, ऐन उन्हाळ्यात अंगावर शाल. सासरच्यांनी तिला आधी देवऋषाकडे नेले, मग माहेरी आणून टाकले. रक्त मात्र कुणीच तपासले नव्हते. कैफियत लिहिण्यापूर्वी मी तिला डॉक्टरकडे पाठवले. टीएसएच कितीतरी पटींनी वाढलेले निघाले.

हा हाशिमोटोचा आजार. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली तो प्रथम नोंदवला, तो चार स्त्रियांमध्ये! आजही रुग्णांत स्त्रियांचेच प्रमाण मोठे आहे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच गळ्यातील थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते. ग्रंथी हळूहळू निकामी होते आणि थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणे, अतिरक्तस्राव, उदासी सुरू होते. याला स्वभाव म्हणायचे काय?

टीएसएच वाढलेले असेल तर अँटी-टीपीओ तपासणीने कारण कळते. लिव्होथायरॉक्सिनची गोळी ग्रंथी दुरुस्त करत नाही, तिचे कमी पडलेले काम भरून काढते. म्हणून ती बहुधा जन्मभर घ्यावी लागते. बरे वाटले की गोळी बंद, ही आपली जुनी खोड येथे महागात पडते. गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने. आपल्या भगिनींना रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम गिळल्यास थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. चार तासांचे अंतर हवेच, कॅल्शियमलाही तोच नियम. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, कारण तेव्हा मात्रा वाढवावी लागते. आयोडीनची औषधे मनाने घेऊ नयेत, आजार बिघडू शकतो.

खर्चाची सबबही टिकणारी नाही. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. शिवाय १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, पोटगीच्या व्याख्येतच वैद्यकीय उपचार येतात. अन्नवस्त्र दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे म्हणण्याची सोय पतीला नाही.

आम्ही कैफियतीला तो अहवाल जोडला. पतीच्या वकिलांनी समझोत्यासाठी मुदत मागितली आहे. ती गोळी घेते आहे आणि सध्या शिवणकामाला जाते.